फोनला जे जमत नाही, तेवढ्यासाठी कॅमेरा

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या, फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका बाईंच्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. श्रोत्यांचे प्रश्न बोलण्याच्या ओघातच घेतले आहेत.

नमस्कार मंडळी. परीक्षा संपत आल्या, रिझर्व्हेशनं झाली. कुणी कोकणात निघालंय, कुणी हंपीला, कुणी काश्मीरला. आणि आमच्या स्टुडिओच्या काउंटरवर रोज एक प्रश्न येतोय : "घरच्यांना घेऊन फिरायला जायचंय, छोटा कॅमेरा कोणता घेऊ?" मी मॉडेलचं नाव लगेच सांगत नाही. आधी म्हणते, मागच्या ट्रिपचे फोनमधले फोटो काढा, निवांत बसून बघा आणि जे फसले तेवढे बाजूला करा. कुठला फोटो हवा होता आणि मिळाला नाही, हे ज्याला कळलं त्याची निम्मी खरेदी झाली.

आजच्या बऱ्या फोनचा कॅमेरा खरंच चांगला असतो. स्वच्छ उजेड आहे, चार माणसं समोर उभी आहेत, मागे देऊळ किंवा डोंगर आहे, असा फोटो फोन उत्तम काढतो. तुम्ही बटण एकदा दाबता, तेवढ्यात तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या जोडतो, अंधारलेला भाग उजळतो, आकाश पांढरं पडू देत नाही. छोट्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना हे इतकं सफाईने जमत नाही. त्यामुळे फोन जे आधीच नीट करतोय त्यासाठी पुन्हा पैसे घालू नका. कॅमेरा घ्यायचा तो फोनला जे जमत नाही, तेवढ्यासाठी. आज मला हेच एक सांगायचंय, बाकी सगळं त्याचाच विस्तार आहे.

आता फसलेल्या फोटोंकडे येऊ. पहिला ढीग नेहमी एकच असतो : आत, कमी उजेडात, हलणारी पोरं.

विजापूर आपल्याकडून शंभरेक किलोमीटर. सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक घराने गोलघुमट पाहिलाय. १६५६ साली बांधून झालेली ही इमारत, बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट. वरच्या सज्जात गेलं की पोरं टाळ्या वाजवतात, हाका मारतात, आवाज फिरून आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. तो चेहरा आपल्याला हवा असतो. पण आत उजेड कमी. तिथे कॅमेऱ्याला लेन्सचं तोंड मोठं उघडावं लागतं, नाहीतर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. लेन्सवर एफ १.८, एफ ५.६ असे आकडे लिहिलेले असतात. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. एफ १.८ ला एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे पहिल्या लेन्सला जो फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात मिळतो, त्यासाठी दुसरीला सेकंदाचा सहावा भाग थांबावं लागतं. तेवढ्या वेळात सात वर्षांचं पोर मान वळवतं, हात उचलतं, आणि फोटोत चेहऱ्याऐवजी एक पुसट पट्टा उरतो.

इथे एक गैरसमज मी वारंवार ऐकते. खोक्यावर 'इमेज स्टॅबिलायझर' लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं, आता फोटो हलणार नाही. स्टॅबिलायझर तुमचा हात हलला तर सांभाळून घेतो. समोरचं पोर हललं तर तो काहीही करू शकत नाही. त्यावर उपाय दोनच : मोठ्या तोंडाची लेन्स आणि मोठा सेन्सर.

सेन्सर म्हणजे लेन्समधून आलेला उजेड ज्या चकतीवर पडतो ती. साध्या, स्वस्त कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ही चकती साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असते, माहितीपत्रकात १/२.३ इंच असं लिहितात. वरच्या दर्जाच्या कॉम्पॅक्टमध्ये 'एक इंच' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो, तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. पहिला तुरीच्या डाळीएवढा धरा, दुसरा शेंगदाण्याएवढा. क्षेत्रफळ काढलंत तर दुसरा चौपट भरतो. उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ वाढवतो, म्हणजे मिळालेला सिग्नल ताणतो, आणि ताणला की फोटोवर दाणे येतात, चेहऱ्याचा रंग मेणासारखा होतो. मोठ्या सेन्सरवर हे बरंच उशिरा सुरू होतं. गोलघुमटात, कुठल्याशा जुन्या वाड्यात, हॉटेलातल्या पिवळ्या दिव्याखाली, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात जो फरक पडतो तो इथे पडतो.

आणि आता कडू वाटेल असं एक सांगते. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्या डाळीएवढ्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. म्हणजे कमी किमतीचा कॉम्पॅक्ट घेऊन तुम्ही गोलघुमटात गेलात, तर फोनपेक्षा वाईट फोटो येतील. बजेट तेवढंच असेल आणि झूमची गरज नसेल, तर कॅमेरा घेऊच नका. ते पैसे सहलीत आणखी एक मुक्काम करायला वापरा. दुकानदार म्हणून नाही, फोटो छापून देणारी बाई म्हणून सांगते.

मेगापिक्सेलचं लवकर आटोपते. फोटो ज्या ठिपक्यांचा बनतो ते पिक्सेल, आणि असे दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. चार बाय सहाचा फोटो उत्तम छापायला साधारण २२ लाख पिक्सेल पुरतात. आठ बाय बाराला ८६ लाख. वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तर बारा बाय अठरा इंचाचा भिंतीवरचा फोटो निघतो, आणि हल्ली बहुतेक कॅमेरे वीस मेगापिक्सेलचे असतातच. त्यामुळे हा आकडा बघून निवड करू नका. उलट ऑनलाइन थोडक्या पैशांत "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम" अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. त्यातले बरेच कॅमेरे लहान सेन्सरचं चित्र सॉफ्टवेअरने फुगवून तो आकडा गाठतात आणि झूम डिजिटल असतो, म्हणजे फोटो कापून मोठा केलेला. ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सने खरोखर जवळ आणलेला, किती, एवढंच वाचायचं.

फसलेल्या फोटोंचा दुसरा ढीग आपल्या उन्हाचा. यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण कॅमेऱ्यांची परीक्षणं करणारे लोक बहुतेक मवाळ उन्हाच्या देशांतले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, आणि सहल म्हणजे दुपारचे बारा-एक वाजणारच. आपण नळदुर्गच्या किल्ल्यात जातो, पाणी महाल बघतो, बुरुजावर चढतो. तिथे दोन अडचणी येतात.

एक, मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. हाताने सावली करून, डोळे बारीक करून अंदाजाने बटण दाबायचं. ज्यांना चाळीशी लागलीय त्यांची तर आणखी पंचाईत : चष्मा लावला तर जवळचं दिसतं, काढला तर लांबचं. कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची छोटी खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर असला की हे दोन्ही प्रश्न मिटतात. त्यात नंबर जुळवायची एक छोटी फिरकी असते, ती फिरवली की चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकतो, म्हणून हातही कमी हलतो. दुर्दैवाने कंपन्या हा भाग काढून टाकत चालल्यात. २०२५ मध्ये पॅनासॉनिकने टीझेड मालिकेत नवा टीझेड ९९ आणला, चार्जिंगला यूएसबी-सी दिलं, पण आधीच्या मॉडेलमध्ये असलेला व्ह्यूफाइंडर गेला. माझ्या मते सोलापूरकराने व्ह्यूफाइंडरसाठी इतर दोन सोयी सोडून द्याव्यात.

दुसरी अडचण चेहऱ्यांची. ऊन डोक्यावर असतं. आजीने पदर घेतलेला, आजोबांची टोपी, पोरांच्या कॅप. कपाळाखाली, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली आणि मागची भिंत पांढरी फटक. इथे कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश फार मोलाचं काम करतो. भर दुपारी फ्लॅश? होय, भर दुपारीच. 'ऑटो'वर ठेवला तर तो उजेड बघून गप्प बसतो, म्हणून मेनूत जाऊन 'फ्लॅश ऑन' करायचा, आणि आजीपासून दोन मीटरवर उभं राहायचं. पदराखालचा चेहरा उजळतो, डोळ्यांत एक ठिपका चमकतो, मागचा किल्ला जसा होता तसा राहतो. फोनमध्ये असतो तो एलईडी दिवा. उन्हात त्याचा काही उपयोग होत नाही. कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश क्षणभरच पेटतो, पण त्या क्षणात त्याचा जोर पुष्कळ असतो. त्यात या कॉम्पॅक्टपैकी अनेकांचं शटर लेन्समध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे ते फार वेगाने उघडझाप करतानाही फ्लॅश जुळतो. लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्याला हे सहज जमत नाही. फक्त अंतर लक्षात ठेवा. तीन-चार मीटरच्या पुढे या फ्लॅशची झेप नाही, आणि अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथाईवर येतो. स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारण्यात काही अर्थ नाही.

उन्हाचाच आणखी एक मुद्दा, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला. जानेवारीत पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि सगळ्यांना नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्यांचे फोटो हवे असतात. समोर पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातली शेकडो माणसं. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो दाबून टाकतो : बाराबंदी राखाडी, चेहरे काळवंडलेले. कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असलेलं बटण किंवा चाक असतं, ते अधिक दोन-तृतीयांशावर न्यायचं. कपडे पांढरे होतात, माणसं माणसांसारखी दिसतात. कॅमेरा निवडताना हे चाक वर, अंगठ्याजवळ आहे की मेनूच्या पोटात दडलंय, हे जरूर बघा. काश्मीरला बर्फात जाणार असाल तर तिथेही हेच.

मघाशी एका काकांनी विचारलं, झूम किती असावा? याचं उत्तर तुम्ही कुठे जाता त्यावर आहे. घरच्या माणसांचे फोटो काढायला तीन-चारपट झूम पुरेसा होतो. त्याहून महत्त्वाचं असतं ते सुरुवातीचं टोक. माहितीपत्रकात लेन्सचे २४-१०० किंवा २८-१०० असे मिलिमीटरमधले आकडे असतात. पहिला जितका लहान तितकं रुंद दृश्य फ्रेममध्ये मावतं, दुसरा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. पहिला आकडा २४ असलेला घ्या. किल्ल्याच्या देवडीत मागे सरकायला जागा नसते, हॉटेलच्या खोलीत नऊ माणसं बसवायची असतात, नंदीध्वज गल्लीत अगदी अंगावर येतो. २४ आणि २८ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कडेची आत्या फ्रेममध्ये राहते की कापली जाते, हे तिथेच ठरतं.

पण घरात कुणाला पक्ष्या-प्राण्यांचा नाद असेल, तर गोष्ट बदलते. नान्नजच्या माळरानावर काळवीट दिसतात, पण ते तुमच्या जवळ येऊन उभे राहत नाहीत. उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात तेही लांबच. तिथे तीसपट-चाळीसपट ऑप्टिकल झूमचा खिशातला कॅमेरा कामाचा. कॅननचा एसएक्स ७४० आहे, सोनीचा एचएक्स ९९ आहे. यांचा सेन्सर तोच डाळीएवढा, लेन्सचं तोंडही लांबच्या टोकाला बारीक. तरीही मी त्यांची शिफारस करते, कारण आपल्या माळावर उजेडाला तोटा नाही, आणि भरपूर उजेडात लहान सेन्सरही चांगलं काम करतो. एकच पथ्य : सकाळी नऊच्या आत फोटो काढा. नंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि कितीही महाग लेन्स असली तरी लांबचं काळवीट पाण्यातून बघितल्यासारखं येतं. बरेच लोक तो दोष कॅमेऱ्याला देतात.

कोकणवाल्यांसाठी वेगळा सल्ला. लहान मुलं, वाळू, खारं पाणी असा बेत असेल तर ऑलिंपसची 'टफ' मालिका बघा. टीजी-६ हा २०१९ मधला, नंतर २०२३ मध्ये ओएम सिस्टिम या नावाने टीजी-७ आला. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, पडला तरी सोसतो, आणि मुख्य म्हणजे त्याची लेन्स बाहेर येत-जात नाही. नेहमीच्या कॉम्पॅक्टची नळी बाहेर येते, तीत वाळूचा एक कण अडकला तरी कॅमेरा बंद पडू शकतो. टफ कॅमेरा समुद्रातून काढल्यावर मात्र झाकणं न उघडता गोड्या पाण्यात बुडवून धुवायचा. मीठ रबराच्या पट्टीवर वाळलं की पुढच्या वेळी तिथूनच पाणी शिरतं.

आता नाव सांगा, असं तुम्ही केव्हापासून म्हणताय. सर्वसाधारण कुटुंबाला, ज्यांना आतले-बाहेरचे दोन्ही फोटो हवेत, त्यांना मी एक इंच सेन्सरवालाच कॅमेरा सांगते. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स १०० काढला आणि खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचा दर्जा एकदम वर गेला. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत २४-७० ची, एफ १.८ पासून सुरू होणारी लेन्स आली आणि दाबलं की वर येणारा व्ह्यूफाइंडरही आला. माझ्या मते सहलीसाठी आजही हे मॉडेल फार समतोल आहे. २०१९ ची सातवी आवृत्ती २४ ते २०० पर्यंत जाते, पण तिची लेन्स एफ २.८ पासून सुरू होते, आणि किंमत फार आहे. कॅननचा जी ७ एक्स मार्क २ हा २०१६ चा : २४-१००, एफ १.८ ते २.८, वर वळणारा स्क्रीन, पण व्ह्यूफाइंडर नाही. या सगळ्यांचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आहे. पर्समध्ये किंवा पँटच्या खिशात राहतो तोच कॅमेरा सहलीत बाहेर निघतो. बॅगेच्या तळाशी ठेवलेला निघत नाही.

हे कॅमेरे दुकानात सहज का मिळत नाहीत, असं तिकडे कोणीतरी विचारलं. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० मध्ये त्यांनी जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यात बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये सगळे प्रकार मिळून ऐंशी लाखांच्या आत आले आणि त्यातले कॉम्पॅक्ट वीस लाखांच्याही आत. कॅसिओने तर २०१८ मध्ये कॉम्पॅक्टचं काम बंदच केलं. त्यात गेल्या काही वर्षांत तरुण मुलामुलींना छोट्या कॅमेऱ्यांचं पुन्हा वेड लागलंय, म्हणून मागणी वाढली आणि भाव चढले. याचा फटका जुन्या मालालाही बसलाय.

मग सेकंडहँड घ्यावा का? घ्यावा, पण हातात घेऊन, तपासून. कॅमेरा वीस वेळा चालू-बंद करा. लेन्स येताना-जाताना कुरकुर होता कामा नये. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो एफ ८ किंवा एफ ११ वर काढा आणि मोठा करून बघा. त्यात राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ गेलीय. आपल्याकडे धूळ काय आहे हे तुम्हाला सांगायला नको, आणि बाहेर येणारी नळी आत जाताना हवेबरोबर धूळही ओढते. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे साफ करायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी फुगलीय का बघा. झूम पूर्ण नेऊन चारही कोपरे सारखे स्वच्छ येतात का तेही बघा. यातलं एकही काम विकणारा करू देत नसेल तर उठून या. नवा घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागून घ्या. बाहेरून आणलेला कॅमेरा स्वस्त पडतो खरा, पण बिघडल्यावर कुणी उभं करत नाही.

बॅटरी, कार्ड याबद्दल थोडक्यात. बॅटऱ्या दोन हव्यात. विमानाने जाणार असाल तर जादा बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवू नका, बॅटरीचं आयुष्य तिथेच संपतं. कार्ड १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या, म्हणजे एक हरवलं तर अर्धी सहल हातात राहते.

माझ्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र राहिली. आमच्याकडे लोक सहलीचे अल्बम करायला येतात. मी फोटो लावत जाते आणि मध्येच विचारते, "मॅडम, तुम्ही कुठे आहात?" त्या म्हणतात, "अहो, फोटो मीच काढत होते." दहा वर्षांच्या अल्बममध्ये घरातलं एक माणूस जवळजवळ नाहीच. कधी आई नसते, कधी बाबा. फसलेल्या फोटोंत हे न काढलेले फोटोही धरा. म्हणून कॅमेरा असा निवडा की तो घरातल्या कुणाच्याही हातात देता येईल. वर एक हिरवा 'ऑटो' असावा, तो लावला की आजोबांनाही फोटो निघावा. दहा सेकंदांचा टायमर दोन बटणांत लागावा. फोनवरून वाय-फायने क्लिक करता येत असेल तर आणखी चांगलं : कॅमेरा बुरुजाच्या कठड्यावर ठेवा आणि सगळे जाऊन उभे राहा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत स्टँड लावायला परवानगी लागते, कठड्यावर ठेवायला लागत नाही. आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला एक अख्खा दिवस कॅमेरा देऊन टाका, मनगटात पट्टा घालून. ते आपल्या उंचीवरून घर बघतं. त्याच्या फोटोंत आजीचे हात येतात, बाबांची दमलेली पाठ येते, आई खळखळून हसताना येते. पोज देऊन असे फोटो मिळत नाहीत.

शेवटचा प्रश्न समोरच्या ताईंचा, खरेदी कधी करू? निघायच्या पंधरा दिवस आधी. कॅमेरा घरी आल्या दिवशीच त्यात तारीख आणि वेळ घाला, नाहीतर फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर सगळा क्रम विस्कटतो. मग एका संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर सगळे जा. दिवे लागायच्या वेळेला पोरांना पळू द्या आणि पळतानाचे फोटो घ्या, फोनने आणि कॅमेऱ्याने, दोन्हीने. देवळाच्या आत कॅमेरा चालत नसेल तर काठावरून घ्या. घरी येऊन कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी लावा. कॅमेऱ्याचा फोटो उघडपणे सरस दिसला नाही, तर परत करायची मुदत संपायच्या आत तो परत करा.